खोकला थांबला म्हणजे दमा गेला का?

पावसाळा उतरू लागला की आपल्या घरांतून एक ठरलेले दृश्य दिसते. पेटीतल्या रजया बाहेर निघतात, माळ्यावरच्या जादा गाद्या खाली येतात, झटकल्या जातात आणि त्याच रात्री घरातले एखादे मूल खोकायला लागते. पहाटे दोन-तीनच्या सुमारास उबळ येते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, मूल उठून बसते. अम्मी पाठ चोळते, दादी गरम पाणी देते. सकाळपर्यंत मूल शांत होते, शाळेतही जाते. घरचे म्हणतात, ‘थंडी बाधली.’ डॉक्टरांनी दमा सांगितला तर ‘बालदमा आहे, मोठा झाला की जाईल’ असे म्हणून मनाची समजूत घातली जाते. पंप लिहून दिला तर तो पंधरा दिवस वापरला जातो, खोकला थांबतो आणि पंप कपाटात जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

हे चक्र तुटत नाही, कारण आपण खोकल्याला आजार समजतो. खोकला आणि घरघर हा आजाराचा आवाज आहे. खरा आजार श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला आलेली सूज हा आहे. ती सूज आवाज थांबल्यावरही आत राहू शकते. ही सूज कोण आणतो, कशी आणतो आणि घरातल्या कोणत्या वस्तू तिला खतपाणी घालतात, हे या महिन्याच्या लेखात पाहू.

विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी सुमारे ४ लाख ५५ हजार लोक दम्याने मरण पावले. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के रुग्ण भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात, असे त्याच वर्षाचे अभ्यास सांगतात. आपल्याकडचा दमा काही वेगळा नाही. आपल्याकडे तो उशिरा ओळखला जातो, लपवला जातो आणि औषध अर्ध्यावर सोडले जाते.

जुनी ओळख, नवे ज्ञान

काही माणसांना ठरावीक गोष्टींचे वावडे असते, हे हकीम मंडळींना फार पूर्वी दिसले होते. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकातले थोर वैद्य अबू बक्र अल-राझी यांनी एक छोटा रिसाला लिहिला. वसंतात गुलाब फुलले की अबू झैद अल-बल्खी या विद्वानांना सर्दी का होते, हा त्याचा विषय. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोच्या अय्यूबी दरबारातले यहुदी वैद्य मूसा इब्न मैमून यांनी दम्यावर अरबी भाषेत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. औषधाइतकाच त्यांनी स्वच्छ हवा, आहार आणि झोप यांचा विचार केला.

पण गुलाबाने एकालाच सर्दी का व्हावी आणि शेजारी बसलेल्याला का होऊ नये? याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला. शरीराची बदललेली, वेगळी प्रतिक्रिया, असा त्याचा अर्थ. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी पती-पत्नी आणि स्वीडनमधले संशोधक यांनी स्वतंत्रपणे काम करून रक्तातला तो घटक शोधला, जो या वेगळ्या प्रतिक्रियेच्या मुळाशी असतो. त्याला ‘आयजीई’ म्हणतात. अ‍ॅलर्जीच्या दम्याची गोष्ट या आयजीईभोवती फिरते.

पहारेकऱ्याची चूक

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. तिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. ‘मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून त्याला दमा होतो’ असे वाक्य घरोघरी ऐकू येते. अ‍ॅलर्जीच्या दम्यात दोष शक्तीच्या कमतरतेचा नसतो, ओळखण्याच्या चुकीचा असतो. पहारेकरी सावध आहे, ताकदवान आहे, पण तो पाहुण्याला चोर समजून मारायला धावतो आहे. या मारामारीत नुकसान होते ते घराचेच. म्हणून ‘ताकदीचे टॉनिक’ देऊन हा दमा बरा होत नाही.

आयजीईचे मूळ काम जंत आणि तत्सम परोपजीवींविरुद्ध लढण्याचे. काही माणसांत, विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना दमा, सततची सर्दी किंवा त्वचेचा इसब आहे त्यांच्यात, हे हत्यार निरुपद्रवी धुळीवर उगारले जाते. हे तीन टप्प्यांत घडते.

पहिला टप्पा निमूट असतो. समजा, गादीतल्या धुळीचा एक बारीक कण मुलाच्या श्वासातून आत गेला. त्यात धूळकिड्याच्या विष्ठेतले एक प्रथिन आहे. हे प्रथिन पाचक रसासारखे काम करते आणि श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींची एकमेकींना धरून ठेवणारी शिवण सैल करते. अस्तराखाली पहाऱ्यावर असलेल्या पेशी या प्रथिनाचा तुकडा उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात. तिथे ‘टी’ नावाच्या पांढऱ्या पेशी निर्णय घेतात. बहुतेक माणसांत निर्णय होतो, ‘सोडून द्या.’ अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती असलेल्या माणसात निर्णय होतो, ‘हा शत्रू आहे.’ त्यांच्या हुकमावरून ‘बी’ पेशी त्या प्रथिनाला ओळखणारी आयजीई तयार करतात. ही आयजीई श्वासनलिकेतल्या ‘मास्ट’ पेशींच्या अंगावर जाऊन बसते. बाहेरून काहीच दिसत नाही. मूल हसते-खेळते असते. पण बंदुकीत दारू भरून झालेली असते.

दुसरा टप्पा काही मिनिटांचा. तेच प्रथिन पुन्हा आत येते आणि मास्ट पेशीवरच्या दोन आयजीईंना एकाच वेळी चिकटते. तो जणू बंदुकीचा घोडा. मास्ट पेशीतून हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर पडतात. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर फुगते, चिकट कफ सुटतो. तिन्ही बाजूंनी वाट अरुंद झाली की हवा शिट्टी वाजवत जाते. दम्यात श्वास घेण्यापेक्षा सोडणे अधिक जड जाते. छातीत हवा कोंडून राहते.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याकडेच दुर्लक्ष होते. पहिला झटका ओसरल्यावर साधारण चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. मास्ट आणि टी पेशींनी बोलावलेल्या ‘इओसिनोफिल’ नावाच्या पांढऱ्या पेशी श्वासनलिकेत गोळा होतात. त्यांची रसायने अस्तराला इजा करतात. ही सूज काही दिवस, काही आठवडे राहते. धूळ रोजच आत जात असेल तर ती कायमच राहते.

अशी सुजलेली श्वासनलिका हळवी होते. मग तिला धूळच लागते असे नाही. थंड हवा, धावणे, मोठ्याने हसणे, फोडणीचा ठसका, साधी सर्दी, काहीही पुरते. म्हणूनच घरचे म्हणतात, ‘थंडीने दमा होतो.’ थंडी ही फक्त ठिणगी असते. आतले गवत वाळवून ठेवलेले असते ते अ‍ॅलर्जीने. वर्षानुवर्षे सूज तशीच राहिली तर श्वासनलिकेची भिंत जाड होते आणि पुढे औषधानेही ती पुरती सैल होत नाही.

एका शहराने घेतलेला धडा

अ‍ॅलर्जी कारक ओळखून दूर केला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात घडले. १९८१ ते १९८७ या काळात तिथे अधूनमधून एखादा दिवस असा उगवे की दम्याच्या रुग्णांची इस्पितळांच्या तातडीच्या विभागात एकाएकी गर्दी होई. असे २६ दिवस नोंदले गेले. इतर दिवशी सारे नेहमीसारखे. डॉक्टरांनी शहरातल्या घडामोडींशी तारखा ताडून पाहिल्या. तेव्हा दिसले की तपासलेल्या अशा प्रत्येक दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जात होते. कोठारात सोयाबीन भरताना उडालेली बारीक धूळ वाऱ्यासोबत शहरावर पसरत होती. बाधित रुग्णांच्या रक्तात सोयाबीनच्या धुळीला ओळखणारी आयजीई सापडली. दोषी प्रथिन दाण्याच्या सालात होते. कोठारावर धूळ अडवणारे फिल्टर बसवले आणि त्या साथी थांबल्या.

आपल्या घराच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे. मुलाला त्रास झाला त्या दिवशी घरात काय ‘उतरवले’ गेले होते? रजया निघाल्या? घराला रंग दिला? नानीकडे मुक्काम होता? एका वहीत तारीख, वेळ आणि त्या दिवशीची खास गोष्ट लिहीत गेलात, तर महिन्या-दोन महिन्यांत डॉक्टरांना उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

घरातले संशयित

*धूळकिडे.* १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या संशोधकांनी घरच्या धुळीतला खरा गुन्हेगार दाखवून दिला. हा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. तो चावत नाही. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो. दमट हवा त्याला मानवते, म्हणून मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत त्याचे चांगले फावते. कापसाची जुनी गादी, उशी, रजई, सोफा, कालीन आणि मुलांची कापडी खेळणी ही त्याची घरे. रात्री आपण आठ तास त्याच्यातच नाक खुपसून झोपतो. रात्री श्वासनलिका निसर्गतःच थोडी अरुंद होते आणि सूज आवरणारे शरीराचे स्वतःचे रसायनही कमी असते. पहाटेच्या उबळीची ही कारणे.

चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात, साधारण ५५ ते ६० अंशांवर धुवावेत. गाद्या-रजया कडक उन्हात टाकाव्यात, मात्र त्या झटकताना दम्याचे मूल जवळ नसावे. वर्षभर पेटीत राहिलेली रजई वापरण्याआधी धुवावी किंवा तिची खोळ तरी धुवावी. कोरड्या झाडूने धूळ उडते आणि पुन्हा बसते, म्हणून ओल्या फडक्याने पुसणे चांगले. दम्याच्या मुलाला झाडायला लावू नये. न धुता येणारी कापडी खेळणी पिशवीत घालून एक दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर किडे मरतात. पण विष्ठेतले प्रथिन उरते, म्हणून नंतर ती घराबाहेर नीट झटकावीत.

एक गोष्ट खास आपल्या घरांची. सजद्यात आपले नाक आणि कपाळ थेट जमिनीला टेकते. दिवसातून पाच वेळा, अनेकदा. जाड, मखमली, कधीच न धुतली जाणारी जानमाज असेल तर तिच्यातली धूळ सरळ श्वासात जाते. दम्याच्या माणसाने सुती, पातळ जानमाज वापरावी आणि चादरीबरोबर दर आठवड्याला धुवावी. मशिदीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कालीन असेल तर आपले सुती कापड सोबत न्यावे. मशिदीच्या व्यवस्थापनानेही कालीन नियमित व्हॅक्युमने साफ करण्याचा आणि पावसाळ्यात ते ओले राहू न देण्याचा विचार करावा.

*झुरळे.* झुरळाची लाळ, विष्ठा आणि त्याच्या वाळलेल्या अंगाचा चुरा यांतही अ‍ॅलर्जी आणणारी प्रथिने असतात. चाळीत आणि दाट वस्तीत हा मोठा वाटेकरी आहे. उष्टी भांडी रात्रभर ठेवू नयेत, कचऱ्याला झाकण असावे, मोरीतली गळती बंद करावी. औषधाची फवारणी करण्यापेक्षा झुरळांसाठी मिळणारी जेल वापरणे बरे. फवाऱ्याच्या वासानेच दमा उसळू शकतो.

*बुरशी.* पावसाळ्यात भिंतीला ओल येते, काळे-हिरवे डाग पडतात. त्यांतून सुटणारे सूक्ष्म बीजाणू श्वासात जातात. डागावर रंग मारून बुरशी जात नाही. पाणी कुठून येते ते शोधून तिथे दुरुस्ती करावी लागते. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नयेत.

*परागकण.* रंगीबेरंगी फुलांचे पराग जड असतात, ते मधमाश्या नेतात. त्रास देतात ते वाऱ्यावर उडणारे, गवतांचे आणि तणांचे हलके पराग. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवतही म्हणतात, ते १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. पावसानंतर ते माळरानावर आणि रस्त्याच्या कडेला फुलते. त्याच्या परागाने सर्दी, दमा होतो आणि झाडाच्या स्पर्शाने त्वचेवर चट्टे येतात. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. दम्याच्या माणसाने मात्र हे काम करू नये.

*पाळीव प्राणी.* मांजरावर दया करणे आपल्या घरांत पूर्वापार आहे. पण मांजराच्या लाळेतले आणि त्वचेतले प्रथिन इतके हलके असते की ते हवेत तासन्‌तास तरंगते आणि मांजर गेल्यावरही काही महिने घरात राहते. मांजराची अ‍ॅलर्जी तपासणीत सिद्ध झाली असेल तर त्याला दुसरे चांगले घर शोधून द्यावे. निदान झोपायच्या खोलीत तरी येऊ देऊ नये. बकरी ईदच्या आधी बकरा गॅलरीत किंवा जिन्याखाली बांधला जातो. त्याच्या केसांपेक्षाही सुक्या चाऱ्याची धूळ आणि त्यातली बुरशी अधिक त्रास देते. दम्याच्या मुलाला बकऱ्याचे कौतुक असणारच. ते त्याने हिरवा पाला भरवून, मोकळ्या हवेत करावे.

आता धुराचे. लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल, बिडी-सिगारेट, चूल, तीव्र अत्तराचा फवारा यांची बहुधा अ‍ॅलर्जी नसते, त्यांच्याविरुद्ध आयजीई बनत नाही. पण ते सुजलेल्या अस्तरावर मिठासारखे चोळले जातात. दम लागला असताना ‘हवा शुद्ध होईल’ म्हणून लोबानचा धूर करणे हे जळत्यावर तेल ओतणे आहे. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने ती आधी सोडावी. गादी बदलण्याचा खर्च नंतर करावा.

हे सारे वाचून घाबरू नका. प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीचे वावडे नसते. हातावर थेंब टाकून किंचित टोचण्याची त्वचेची चाचणी किंवा रक्तातल्या विशिष्ट आयजीईची तपासणी करून तुमच्या मुलाचा शत्रू कोणता, ते डॉक्टर शोधू शकतात. निव्वळ चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून भागत नाही. त्या गोष्टीने प्रत्यक्ष त्रास होतो का, हेही जुळावे लागते. इथे ती वही कामी येते. आणखी एक खरे सांगितले पाहिजे. नुसती गादीची खोळ बदलून किंवा एकच उपाय करून दमा आटोक्यात येत नाही. स्वच्छता औषधाची साथीदार आहे, तिला औषधाच्या जागी बसवू नये.

दोन पंप, दोन कामे

दम्याचे पंप मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला तात्काळ आराम देणारा, बहुधा निळ्या रंगाचा. तो आवळलेले स्नायू सैल करतो. पाच-दहा मिनिटांत बरे वाटते, म्हणून तोच सर्वांना आवडतो. पण तो सुजेला हात लावत नाही. दुसरा रोजचा, सूज उतरवणारा. त्यात अगदी थोडे स्टेरॉइड असते. तो घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, म्हणून तो निरुपयोगी वाटतो आणि आधी सोडला जातो. वरचे तीन टप्पे आठवा. निळा पंप दुसऱ्या टप्प्यावर काम करतो, रोजचा पंप तिसऱ्या टप्प्याला रोखतो. जीव जातात ते तिसरा टप्पा मोकाट सुटल्याने. म्हणूनच दम्यावरची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना स्पष्ट सांगतात की फक्त निळ्या पंपावर दमा सांभाळू नये. हल्ली दोन्ही कामे करणारे एकत्र पंपही मिळतात. कोणता घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न असे.

*पंपाची सवय लागते का?* नाही. चष्म्याची सवय लागत नाही, गरज असते, तसेच हे. औषध सोडल्यावर त्रास परत येतो, कारण सूज परत येते. दमा काही महिने पूर्ण आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडावा.

*स्टेरॉइड म्हणजे वाईट ना?* गोळीतले स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये आणि साऱ्या शरीरात जाते, पंपातले मायक्रोग्रॅममध्ये आणि मुख्यतः फुप्फुसात. असे पंप १९७२पासून वापरात आहेत. दीर्घ काळ घेणाऱ्या मुलांच्या उंचीवर परिणाम झालाच तर तो साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास असतो. रात्र-रात्र न झोपणारे मूल त्याहून अधिक गमावते. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंड येत नाही. लहान मुलांना स्पेसर लावूनच पंप द्यावा. स्पेसरशिवाय बरेच औषध घशातच बसते. भीती बाळगायची असेल तर ‘दम्याच्या पुड्यां’ची बाळगा. नाव नसलेल्या अशा पुड्यांत मोजमाप नसलेले स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

*रोजात पंप चालतो का?* यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. सौदी अरेबियाचे शेख इब्न बाज आणि शेख इब्न उसैमीन यांनी पंपाने रोजा तुटत नाही असे मत दिले. भारतीय उपखंडातले अनेक हनफी उलेमा तो तुटतो असे मानतात. आपण ज्यांना मानता त्यांना विचारा. पण वैद्यकीय बाजू सरळ आहे. रोजचा पंप बहुतेकांना दिवसातून दोनदाच लागतो. सहरी आणि इफ्तारच्या वेळी तो सहज घेता येतो. रमजानच्या एक-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून वेळा ठरवाव्यात. आणि दिवसा दम लागलाच तर निळा पंप त्याच क्षणी घ्यावा, इफ्तारची वाट पाहू नये. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत धर्मानेच दिली आहे.

*मुलगी लग्नाची आहे, सासरी सांगावे का?* हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो. सांगावे. लपवलेला पंप ट्रंकेच्या तळाशी राहतो आणि नव्या घरात, नव्या गाद्यांवर, पाहुण्यांच्या गर्दीत तिला दम लागतो तेव्हा तो हाताशी नसतो. दमा संसर्गजन्य नाही. नीट औषध घेणारी मुलगी घर, नोकरी, बाळंतपण सारे पेलते. गर्भारपणात तर ‘बाळाला बाधेल’ म्हणून पंप बंद करणे धोक्याचे आहे. आईला हवा कमी पडली तर पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो. पंप चालू ठेवून डॉक्टरांना कळवावे. सासूबाईंनीही सुनेला ‘पंप लपवू नकोस’ असे एकदा मोकळेपणाने म्हणावे. त्या एका वाक्याने तिचा जीव वाचू शकतो.

हे दिसले तर थांबू नका

बोलताना वाक्य पुरे होत नाही, श्वासागणिक मानेचे स्नायू आणि फासळ्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, मूल सुस्त होते किंवा निळा पंप घेऊनही आराम मिळत नाही, तर तो गंभीर झटका आहे. घरघर एकाएकी बंद पडून छाती शांत झाली आणि मूल थकलेले असले तर तो बरा होण्याचा इशारा नाही. हवा जायचीच थांबली आहे. अशा वेळी मुलाला आडवे करू नका, बसते ठेवा. निळा पंप स्पेसरमधून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, एकेक फवारा करून द्या आणि इस्पितळ गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वाटेतही पंप द्यायचा थांबवू नका.

या आठवड्यात एवढे करा. कपाटातला पंप काढून त्यावरची मुदतीची तारीख आणि उरलेल्या मात्रा पाहा. मुलाची चादर, उशीचा अभ्रा आणि जानमाज गरम पाण्यात धुवा. वहीचे पहिले पान सुरू करा आणि पुढच्या भेटीत ती वही व पंप दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवून विचारा, ‘आम्ही पंप बरोबर घेतो का ते बघाल का?’ अनेकांचा पंप त्या एका प्रश्नानंतरच खऱ्या अर्थाने कामाला लागतो.